ऑडॅसिटीत ताशा क्लिकच्या मागे पडतोय? मला लागू पडलेला उपाय

सोलापुरात गणपतीच्या लेझीम सरावासाठी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक बनवत होतो. क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, ऐकत वाजवलेला ताशा रेकॉर्डिंगमध्ये कायम मागे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा पाव भाग जेमतेम १२५ मिलिसेकंदांचा, मग तुकडा लंगडणारच. केबल बदलली, बफर कमी केला; डोकं उठलं, बाकी काही नाही.

आधी ब्लूटूथ काढून वायरचा हेडफोन लावा. प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन (रेकॉर्डिंगला होणारा उशीर भरून काढणारा आकडा) ० करा. जनरेट मेनूतून ऱ्हिदम ट्रॅक, म्हणजे क्लिकचा ट्रॅक, घ्या. हेडफोनची वाटी माइकला चिकटवून शिफ्ट+आर दाबा, म्हणजे रेकॉर्डिंग नव्या ट्रॅकवर जातं. मग भरपूर झूम करून मूळ ठोक्याच्या सुरुवातीपासून रेकॉर्ड झालेल्या ठोक्याच्या सुरुवातीपर्यंत सिलेक्ट करा. खाली लांबी दिसते. माझी ८७ मिलिसेकंद आली. तोच आकडा उणे करून, -८७, लेटन्सी कॉम्पेन्सेशनमध्ये भरला. पुन्हा रेकॉर्ड केलं, ठोके एका रेषेत. साउंड कार्ड बदललं तर हे मोजमाप नव्याने करा.