टॅरँटुलाने कात टाकली? मग या चुका टाळा

कात टाकलेल्या टॅरँटुलाला, म्हणजे या मोठ्या केसाळ कोळ्याला, पाणी आणि एकांत एवढंच लागतं. पाळणाऱ्याला तेवढं राहवत नाही, आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लगेच खायला घालणं. कातीनंतर पोट लहान दिसतं, मग लोकांना दया येते. निपाणीच्या एका हौशी पोराने तिसऱ्याच दिवशी पेटीत दोन रातकिडे सोडले आणि झोपून गेला. सकाळी रातकिडे धडधाकट, कोळ्याचे दोन पाय कुरतडलेले. कारण साधं आहे. कातीनंतर अंगावरचं कवच मऊ असतं आणि विषदातही. त्याला चावता येत नाही, रातकिड्याला मात्र येतं.

दिवस मोजण्यापेक्षा दात बघा. कोळी काचेवर चढला की बाजूने टॉर्च मारायचा. दात आधी पांढरे, मग तांबूस, शेवटी काळे कुळकुळीत. काळे झाल्याशिवाय काही घालायचं नाही. पिल्लांना साधारण चार-पाच दिवस लागतात, मोठ्यांना दहा ते चौदा, थोराड मादीला त्याहून जास्त. थंडीत आपल्याकडे रात्री गारठा असतो, तेव्हा आणखी थांबा. पहिला रातकिडा नेहमीच्या निम्म्या आकाराचा, चिमट्याने डोकं चेपून द्यावा. दुसऱ्या दिवसापर्यंत खाल्ला नाही तर उचला. ‘एखादा टाकून बघू’ म्हणणाऱ्यांनी मासे पाळावेत.

दुसरी खोड फवाऱ्याची. परदेशी व्हिडिओ बघून लोक जुलैत रोज पाणी मारतात. अरे, बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असते! बंद पेटीत वर आणखी पाणी मारलं की बुरशी आणि माइट्स (बारीक किडे) धरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत वाटी भरताना पाणी थोडं सांडू द्या, एक कोपरा ओला राहिला की पुरे. कोळ्याच्या अंगावर थेंबही नको.

उताणा पडलाय म्हणून सरळ करू नका, तो कात टाकतोय. मेलेला बहुतेक वेळा पालथाच असतो, पाय पोटाखाली मुडपलेले.

पाय कातीत अडकला तर कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने फक्त कात ओली करत राहा. ओढू नका. वाढत्या कोळ्याचा पाय गेला तरी पुढच्या एक-दोन कातींत परत येतो, फाटलेलं पोट मात्र जीव घेतं.

हातात घेणं, पेटी बदलणं, माती उपसणं हे सगळं पहिल्या जेवणानंतर.

कात कचऱ्यात टाकू नका. कोळी बाजूला सरकल्यावर चिमट्याने काढून, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात भिजवा आणि पोटाचा भाग हळूच उलगडा. वाळलेली ओढाल तर फाटेल. वरच्या दोन पुस्तक-फुफ्फुसांच्या (पोटाच्या खालच्या बाजूचे श्वासाचे अवयव) मध्ये आतून लहानशी घडी किंवा पिशवी दिसली तर मादी. अगदी लहान पिल्लाच्या कातीवरून मात्र पैज लावू नका.