गॅस गीझर बिघडला? खर्चात पडण्याआधी या चुका टाळा

थंडीत गॅस गीझर बंद पडला की पहिला सल्ला मिळतो तो "जुना झाला, आता नवीनच घ्या" असा. घाई करू नका. बऱ्याचदा दोष सेल, गाळणी नाहीतर आतल्या रबरी पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा असतो, आणि नव्या गीझरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. आधी गरम पाण्याचा नळ सोडा आणि गीझर काय करतो ते नीट ऐका.

ठिणगीची टिकटिक ऐकू येत नाही? मग सेल बदलून बघण्याआधी मेकॅनिकला बोलावू नका. बहुतेक गीझरमध्ये दीड व्होल्टचे दोन जाडे सेल असतात. ते टॉर्चमध्ये चालतात म्हणजे चांगले आहेत असं धरू नका. एलईडी टॉर्च मरायला टेकलेल्या सेलवरही लागतो, गीझरची ठिणगी मात्र पडत नाही. दोन्ही सेल एकदमच नवे घाला. सेल टेकतात त्या पत्रीवर हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर ती पॉलिश पेपरने घासून काढा.

सेल नवे घालूनही गीझर गप्पच असेल तर पाण्याच्या दाबाकडे वळा. पाण्याच्या जोराने डायफ्राम फुगतो, त्याची दांडी मायक्रो स्विच नावाचं छोटं बटण दाबते आणि मग ठिणगी सुरू होते. जोर नसेल तर पुढचं काहीच होत नाही. टाकीच्या लगेच खाली असलेल्या वरच्या मजल्यावर हा त्रास हमखास होतो. टाकी धुतल्यावर गाळ येऊन पाणी आत शिरतं तिथली बारीक जाळी तुंबते, तीही काढून धुवा. नळावर गीझर लागतो आणि शॉवरवर लागत नाही, असं असेल तर गीझर बहुधा ठीक आहे, शॉवरची भोकं क्षारांनी बुजली असतील.

टिकटिक होते, पण ज्योत नाही? नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा राहते. नळ दोन-चार वेळा उघड-बंद करा. ज्योत लागून काही सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या दांडीवर काजळी बसलेली असू शकते, किंवा सेलच कमजोर असतील. गॅस बंद करून, सेल काढून, मगच ती दांडी हलक्या हाताने पुसा. काही मॉडेल सलग वीस मिनिटं चालली की आपोआप बंद होतात. तो बिघाड नव्हे, सोय आहे.

पाणी नुसतं कोमट येतं, ही बोअरवेलच्या घरांतली नेहमीची तक्रार. पाणी तापतं त्या तांब्याच्या नळीत, म्हणजे कॉइलमध्ये, क्षार साचतात. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने ते सुटतात. संडास साफ करायचं ॲसिड मात्र मुळीच घालू नका, ते धातू आणि सांधे खातं.

आता जिथे एक रुपयाही वाचवू नये ती जागा. बाथरूमच्या आत गीझर लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. बंद खोलीत हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि कडी उघडण्याआधीच शुद्ध हरपू शकते. एलपीजीत मुद्दाम घातलेला उग्र वास गळती सांगतो, हा धोका सांगत नाही. म्हणून नाकावर विसंबू नका. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत हलवायला प्लंबर जे घेईल ते द्या. निळ्याऐवजी पिवळी ज्योत किंवा काजळी दिसली तर दुरुस्तीपर्यंत तो वापरू नका.

पाणी जास्त तापावं म्हणून हॉटेलातला जास्त दाबाचा रेग्युलेटर लावू नका. घरी पाइपचा गॅस आला असेल तर सिलिंडरवरचा गीझर तसाच जोडू नका. त्याला जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकांचे तुकडे, वेगळे लागतात. गळती काडी ओढून नव्हे, साबणाच्या फेसाने तपासा. एलपीजीचा वास आला तर वाल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटनांना हात न लावता बाहेर पडा आणि १९०६ या एलपीजी गळतीच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा.

दुरुस्ती होईपर्यंत हीटिंग रॉड चालतो. १५ लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या आतच वीज लागते. पाण्यात बोट घालण्याआधी प्लग काढा. घरात लहान मुलं असतील तर ती रॉडजवळ जाऊ नयेत म्हणून बाथरूमचं दार बाहेरून लावून घ्या.

मेकॅनिकला "चालत नाही" एवढंच सांगू नका. टिकटिक होते का, ज्योत किती वेळ टिकते, ते सांगा. सुट्या भागाची किंमत आधी विचारा आणि काढलेला भाग मागून घ्या. कॉइलच गळून बर्नरवर पाणी पडत असेल, तर नव्या कॉइलचा आणि नव्या गीझरचा भाव शेजारी ठेवून बघा. तेव्हा नवा घेणं परवडू शकतं. घ्याल तो आयएसआय शिक्क्याचाच घ्या.