मॅच बघून परदेशाबद्दलचं मत किती बदलतं? तालमीत करता येईल अशी तपासणी

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की कोल्हापुरात मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात. त्या देशांत कधी पाऊल न ठेवलेली माणसंही ‘तिकडची माणसं दिलदार’ असं खात्रीनं सांगतात. हे मत पडद्यावरून किती येतं, ते मोजता येतं. कागद, पेन, घड्याळ आणि मॅचचं रेकॉर्डिंग एवढं साहित्य पुरतं.

आधी देश ठरवा. बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण एका मॅचमध्ये अनेकदा तीन देश असतात: दोन खेळणारे आणि एक यजमान. १८ डिसेंबर २०२२ ला लुसैलमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स खेळले, पण मैदान कतारचं होतं. कप उचलण्याआधी कतारच्या अमीरांनी मेस्सीच्या खांद्यावर काळा बिश्त (अरबी मानाचा झगा) चढवला, आणि तेच चित्र जगभर गेलं. ते बघून मत बदललं असेल तर कोणाबद्दल? म्हणून एका प्रश्नपत्रिकेत एकाच देशाचं नाव ठेवा.

प्रश्न मॅचच्या आधी विचारायचे, हा या कामाचा कणा आहे. नंतर ‘मत बदललं का?’ असं विचारलं, तर माणूस आजचंच मत जुनं म्हणून सांगतो. त्यात लबाडी नसते, आठवणच तशी चालते. निदान दोन दिवस आधी तीसेक जणांना ही वाक्यं द्या आणि १ ते ५ गुण मागा: तिथली माणसं मनमिळाऊ आहेत, शिस्तीची आहेत, देश सुरक्षित आहे, तिथे जाऊन राहायला आवडेल, त्यांचा संघ मला आवडतो. संघाचं वाक्य वगळू नका. जिंकल्याचा आनंद देशाच्या गुणांत मिसळतो, आणि हे वाक्य नसेल तर तो वेगळा काढता येत नाही. शेवटी देशाचं नाव ऐकून मनात येणारे पहिले तीन शब्द लिहायला सांगा.

कागदावर नाव नको, मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे पुरेत. दोन्ही वेळचे कागद त्यावरून जुळवता येतात. कट्ट्यावर बसून एकत्र भरू देऊ नका. वस्तादांनी ३ लिहिले की बाकीचेही ३ लिहितात. मॅच न बघणाऱ्या दहा-पंधरा जणांकडूनही हाच कागद भरून घ्या.

नोंद रेकॉर्डिंगवरून करा, चालू मॅचमध्ये ती जमत नाही. खेळ सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून बक्षीस समारंभापर्यंत, दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडा. रकाने असे: वेळ, खेळ सोडून दिसलेलं चित्र (शहर, प्रेक्षक, नेते, खेळाडूचं कुटुंब), ते किती सेकंद दिसलं, जागेचं खरं नाव, आणि देशाबद्दल समालोचकानं वापरलेला शब्द. पहिला तुकडा दोघांनी वेगवेगळा भरून ताडून बघा. गालावर झेंडा रंगवलेला माणूस ‘प्रेक्षक’ की ‘देशाचं चिन्ह’, असले मतभेद तिथेच मिटवा.

जागेचा रकाना फाजील वाटेल, पण तो लागतोच. आपल्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं तेव्हा पाटीवर ‘पॅरिस २०२४’ होतं. नेमबाजीची रेंज मात्र पॅरिसपासून दोनशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला, शातोरूला होती. पाटी बघून सगळा फ्रान्स म्हणजे पॅरिस होतो.

चित्र आणि शब्द वेगळे नोंदवायचे, कारण ते वेगवेगळ्या हातांतून येतात. वर्ल्ड कपचं मूळ प्रक्षेपण एचबीएस (होस्ट ब्रॉडकास्ट सर्व्हिसेस) ही कंपनी तयार करते, ऑलिंपिकचं ओबीएस (ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस). देशोदेशीच्या वाहिन्या त्यावर आपलं समालोचन आणि स्टुडिओतली चर्चा चढवतात. २० नोव्हेंबर २०२२ ला कतारचा उद्घाटन सोहळा चालू असताना बीबीसीनं मुख्य वाहिनीवर तो न दाखवता स्थलांतरित कामगारांच्या हक्कांची चर्चा दाखवली. इकडे सोहळा बघणाऱ्याला आणि तिकडे चर्चा ऐकणाऱ्याला त्या संध्याकाळी दोन वेगळे कतार दिसले. त्यामुळे कोणत्या भाषेतलं समालोचन ऐकलं, हेही कागदावर विचारा.

दुसरा कागद त्याच रात्री भरून घेऊ नका, फटाक्यांचा धूर खाली बसू द्या. दुसऱ्या दिवशी एकदा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा भरून घ्या. त्यात एक प्रश्न वाढवा: मॅचखेरीज मोबाईलवर काय पाहिलं? त्याच उद्घाटनाच्या दिवशी कतार-इक्वेडोर सामन्यानंतर जपानी प्रेक्षकांनी स्टेडियममधला कचरा उचलला. जपान त्या सामन्यात खेळतही नव्हता, पण ते व्हिडिओ मोबाईलवर जगभर फिरले. ‘जपानी शिस्तीचे’ हा शब्द कागदावर आला, तर तो मॅचच्या खात्यात टाकण्याआधी हा प्रश्न बघा.

हिशेब सोपा आहे. प्रत्येकाचे नंतरचे गुण वजा आधीचे गुण, मग किती जण वर गेले, किती खाली, किती जागेवर राहिले ते मोजा. तीस जणांत दोन-तीन जणांचा फरक धरू नका. न बघणारेही तेवढेच हलले असतील, तर कारण मॅच नाही, पेपर किंवा बातम्यांत शोधा. संघाचे गुण वाढले आणि देशाचे तिथेच राहिले, तर तेही ठळक लिहा. खरं सोनं तीन शब्दांत सापडतं: नंतरच्या कागदावर नव्यानं आलेला प्रत्येक शब्द समालोचनाच्या रकान्यात कोणत्या मिनिटाला आहे ते शोधा, आणि तेवढं रेकॉर्डिंग सगळ्यांना पुन्हा लावून दाखवा.