‘नव्वद टक्के झालंय’ हा माइलस्टोन नव्हे: शेड्यूल करताना या चुका टाळा

साखर कारखान्यांच्या ऑफ-सीझनची शेड्यूलं बघतो, तेव्हा माइलस्टोनच्या रकान्यात हमखास सापडतं ते ‘बॉयलर दुरुस्ती ९० टक्के’. नव्वद मोजले कुणी? माइलस्टोन म्हणजे एक टप्पा पूर्ण झाल्याची खूण, त्याचा कालावधी शून्य असतो. तो झाला किंवा नाही झाला, अधलंमधलं काही नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराने ‘ट्यूबा बदलल्या’ हा माइलस्टोन हिरवा करून घेतला आणि त्यावर बिल उचललं. ट्यूबा खरंच बदलल्या होत्या. पण हायड्रोलिक टेस्टची ओळच शेड्यूलमध्ये नव्हती. अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे बॉयलर पेटवण्याच्या तोंडावर पाण्याचा दाब दिला, तर ड्रमपाशी ट्यूबांची तोंडं पाझरायला लागली. मग पुन्हा एक्स्पांडिंग (ट्यूबांची तोंडं फुगवून घट्ट बसवणं), पुन्हा टेस्ट, बॉयलर इन्स्पेक्टरची नवी तारीख. मुहूर्त चुकवायचा नाही म्हणून पूजा उरकली, फोटोही निघाले. वाफ मात्र नाही. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या खोपटात बसून, आणि ठेकेदार म्हणतोय, ‘आमचं काम कधीच झालंय.’ कागदावर त्याचं बरोबरच होतं!

म्हणून माझा हट्ट असतो: माइलस्टोनच्या नावात ‘पास’, ‘सही’ किंवा ‘ताब्यात’ यातलं काहीतरी हवंच. सही काम करणाऱ्याची चालणार नाही. आणि मोठा हप्ता टेस्टनंतरच. ‘माल साइटवर पोचला’ एवढ्यावर निम्म्याहून जास्त पैसे दिलेत, तर पुढे फोन तुम्हीच करत बसाल.

दुसरं, तारखा हाताने टाइप करू नका. दोन दिवसांचा कोर्स करून आलेली पोरं दसऱ्याचा मुहूर्त धरून उलट्या तारखा भरतात, कामं एकमेकांना जोडतच नाहीत. मग वेल्डिंग आठवडाभर लांबलं तरी टेस्टचा माइलस्टोन जागचा हलत नाही आणि साहेब खूश. मुहूर्त डेडलाइन म्हणून वेगळा ठेवा.

पन्नास कामांना चाळीस माइलस्टोन लावू नका. कुणी बघत नाही.

पावसाळा धरा. ऑफ-सीझनचं निम्मं काम जुलै-ऑगस्टमध्येच येतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतरही सांगलीत बसून ‘५ ऑगस्ट, गिअरबॉक्स साइटवर’ असं बिनधास्त लिहिणारे आहेत. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पुढे रस्तेच बंद होतात. बाहेरून येणारी जड मशिनरी मी जूनअखेरच्या माइलस्टोनवर घेतो, गोडाऊनचं भाडं पडलं तरी.

आणि तारीख हुकली की जुनी खोडून नवी टाकायची सवय सोडा. बेसलाइनचा, म्हणजे सुरुवातीला ठरलेल्या तारखांचा रकाना तसाच राहू द्या, मीटिंगमध्ये दोन्ही तारखा शेजारी शेजारी दाखवा. कुणाचा तरी चेहरा पडतो. पडू दे.