पीपीपी ओव्हर एटीएम चालवताय? एनकॅप्सुलेशन निवडताना या चुका टाळा

तापकीर गल्लीतून जुने डीएसएल राऊटर उचलून घरीच लॅब मांडणारी पोरं पुण्यात अजूनही आहेत, हे खास त्यांच्यासाठी. तुमचा सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो, तर युजरनेम-पासवर्ड परत परत टाकण्यात. डीएसएलचा दिवा हिरवागार, स्थिर, तरी पीपीपी (दोन टोकं जोडून लॉगिन करवणारा प्रोटोकॉल) काही वर येत नाही आणि मग पहिला संशय पासवर्डवर. अहो, पासवर्डची पाळी एलसीपी (पीपीपीची लिंक ठरवणारी पहिली बोलणी) झाल्यावर येते आणि एलसीपीच्याही आधी दोन्ही टोकांना एनकॅप्सुलेशन, म्हणजे पीपीपीची फ्रेम एटीएमवर (डेटा छोट्या, ठरावीक आकाराच्या सेलमधून नेणारं नेटवर्क) गुंडाळायची पद्धत, एकच असावं लागतं. १९९८ च्या आरएफसी २३६४ (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज) मध्ये त्याचे दोनच प्रकार आहेत, व्हीसी-मक्स आणि एलएलसी, आणि पीव्हीसीवर (एटीएममधली कायमची आखलेली वाट, थोडक्यात व्हीसी) यातला कुठला वापरायचा ते राऊटर आपसात ठरवत नाहीत, दोन्हीकडच्या माणसांनी आधी बोलून हाताने टाकायचं असतं. म्हणून पहिला फोन समोरच्या टोकाला लावा, पासवर्ड नंतर बघू.

नेमकं काय बिघडतं ते फ्रेम उघडली की लगेच दिसतं. व्हीसी-मक्समध्ये एलसीपीची फ्रेम थेट सी० २१ ने (हेक्समध्ये एलसीपीचा प्रोटोकॉल नंबर) सुरू होते. एलएलसीमध्ये त्याच्या आधी एफई एफई ०३ सीएफ हे चार बाइट येतात. आता एका बाजूला एलएलसी ठेवलंय आणि दुसरीकडे मक्स, तर मक्सवाला ते एफई एफई म्हणजेच प्रोटोकॉल नंबर समजून बसतो, ओळखीचा नाही म्हणून फ्रेम टाकून देतो, संपला विषय. सिस्कोवर डीबग पीपीपी निगोशिएशन लावून बघा, 'ओ कॉन्फरेक'च्या (आपण पाठवलेल्या विनंतीच्या) ओळी एकामागून एक पडत राहतात आणि 'आय'वाली (समोरून आलेली) एकही येत नाही.

पण असा शुकशुकाट व्हीपीआय/व्हीसीआय (पीव्हीसीचे ओळख क्रमांक) चुकलं तरीही असतो, त्यामुळे काउंटर नीट वाचायची सवय लावा. पीव्हीसीवर आत काहीच येत नसेल तर आधी व्हीपीआय/व्हीसीआय तपासा. फ्रेम येतायत पण सीआरसी एरर (वाटेत फ्रेम बिघडल्याची खूण) वाढतायत तर लाइनमध्ये नॉइज आहे, आपल्याकडे पावसाळ्यात तांब्याच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की हे हमखास होतं. आणि फ्रेम येतायत, सीआरसी शून्य, तरी एलसीपी गप्प, तर एनकॅप्सुलेशन जुळत नाहीये हे जवळपास नक्कीच, कारण एएएल५ च्या (फ्रेमचे सेल करणारा एटीएमचा थर) हिशोबाने ती फ्रेम एकदम धडधाकट असते, फक्त आतलं समोरच्याला कळत नाही.

इथेच एक फसवी गोष्ट आहे. ओएएम लूपबॅक (तपासणीचा सेल पाठवून परत येतो का ते बघणं) पास झाला की लोक खूश होतात, पण तो सेलच्या पातळीवर चालतो, त्याला एनकॅप्सुलेशनशी काही देणंघेणं नसतं. पीव्हीसी जिवंत आहे, एवढंच त्यातून कळतं.

दुसरा गैरसमज म्हणजे 'व्हीसी-मक्स फास्ट असतं, तेच टाका'. गणित करून बघा की. सेल ५३ बाइटचा, त्यात माल ४८ चा. १५०० बाइटचं आयपी पॅकेट, वर पीपीपीचे २ आणि एएएल५ ट्रेलरचे ८, झाले १५१०, म्हणजे ३२ सेल. एलएलसीचे ४ वाढवले तर १५१४, तरी ३२ च! ४० बाइटच्या टीसीपी ॲकला (पोचपावतीला) दोन्हीकडे २ सेल. फरक पडतो तो काठावरच्या पॅकेटना, उदाहरणार्थ लिनक्सचा साधा पिंग ८४ बाइटचा, तो मक्समध्ये ९४ होऊन २ सेलात बसतो आणि एलएलसीमध्ये ९८ होऊन तिसरा सेल खातो. नवी लिंक असेल, दोन्ही टोकं आपल्याच हातात असतील आणि त्या व्हीसीवर फक्त पीपीपीच जाणार असेल तर बिनधास्त मक्स घ्या, पण चालू असलेली एलएलसी लिंक केवळ स्पीडसाठी बदलायला जाऊ नका. एकाच व्हीसीवर दुसरा प्रोटोकॉलही न्यायचा असेल तर एलएलसीच लागणार.

मॉडेमच्या मेन्यूत पीपीपीओए (पीपीपी ओव्हर एटीएम) आणि पीपीपीओई (पीपीपी ओव्हर इथरनेट) एकाखाली एक असतात, तिथे भल्याभल्यांची गडबड होते. नेटवर ब्रिटनमधली गाईड वाचून व्हीपीआय/व्हीसीआय ०/३८, पीपीपीओए, व्हीसी-मक्स टाकलं तर आपल्याकडे काय चालणार? बीएसएनएलच्या डीएसएलला ०/३५ आणि पीपीपीओई एलएलसी लागतं. पीपीपीओईत एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ धरा, ८ बाइट त्याच्या आणि पीपीपीच्या हेडरमध्ये मिळून जातात. पीपीपीओएला मात्र १५०० चालतो, उगाच कमी करू नका.

आणि सिस्कोवाल्यांनो, पीव्हीसीवर काहीच लिहिलं नाही तर डीफॉल्ट एएएल५स्नॅप (एलएलसीवालं) असतं, मक्स हवं तर 'एएएल५मक्स पीपीपी' स्वतः लिहावं लागतं. यादीत एएएल५सिस्कोपीपीपी पण दिसेल, नावात पीपीपी आहे म्हणून ते निवडू नका, ते सिस्कोचं स्वतःचं आहे, समोर दुसऱ्या कंपनीचा डबा असेल तर लिंक येणारच नाही.