‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ पाऊण तासात बसवताना

डिकन्सची ही कादंबरी १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. प्रकरणं ५९. दर आठवड्याला वाचक धरून ठेवायचा, त्यामुळे पात्रांची नि योगायोगांची नुसती रेलचेल. शाळेच्या स्टेजवर ते सगळं कोंबलंत, तर समोर बसलेल्या पालकांना आपलं मूल कुठलं तेवढंच कळेल.

म्हणून संहितेला हात घालण्याआधी धागा ठरवा. मी एकच प्रश्न धरते: पिप या गरीब पोराला पैसा दिला कोणी? त्याला वाटतं, श्रीमंत, विक्षिप्त मिस हॅविशॅमने. निघतो मॅगविच, म्हणजे लहानपणी पिपने ज्याला खाणं आणि कानस चोरून नेऊन दिली तो पळालेला कैदी. ज्याचा या प्रश्नाशी संबंध नाही, ते कापा. ऑर्लिक, ड्रमल, पॉकेट मंडळी, सगळे. खंदक-तोफवालं वेमिकचं घर माझं फार लाडकं आहे, पण तेही जातं. जॅगर्स वकील मात्र हवाच. पैशाची बातमी तोच आणतो आणि देणाऱ्याचं नावही तोच दडवतो.

मूळ गोष्ट मोठा झालेला पिप सांगतो. त्याला निवेदक करा, पण प्रवेश बदलताना दोन वाक्यं, बस्स. ‘मी घाबरलो होतो’ असं निवेदनात आलं की ते खोडा आणि लहान पिपला काम द्या: बहिणीचा डोळा चुकवून पाव पँटच्या पायात सरकवायचा.

स्मशानाच्या प्रवेशात मॅगविच पोराला उलटा करून खिसे रिकामे करतो. ते करू नका. थडग्यावर बसवून मागे झुकवणं कादंबरीतही आहे, तेवढं पुरतं. थडगं म्हणजे भक्कम लाकडी लेव्हल (चौथरा), थर्माकोल नव्हे. तोल पिपनेच सांभाळायचा. मॅगविचचे हात खांद्यावर नुसते टेकलेले.

हॅविशॅमला म्हातारीचा थरथरता आवाज नको. एक बूट पायात, दुसरा टेबलावर, घड्याळं नऊला वीस कमी असताना थांबलेली. एवढं असल्यावर मुलीने स्थिर बसून हुकूम सोडले की झालं. मेणबत्त्या बॅटरीच्याच. कपडे पेटण्याचा प्रवेश मी सरळ गाळते.

पिपच्या बहिणीचा नवरा, जो गार्जरी नावाचा साधा लोहार, पिपला भेटायला लंडनला येतो, त्या प्रवेशाला तालमीचा जास्तीत जास्त वेळ द्या. तो संकोचून पिपला मधूनमधून ‘सर’ म्हणतो आणि शेकोटीवरच्या फळीवर ठेवलेली त्याची हॅट सारखी पडते. दोऱ्याबिऱ्याने पाडायचे उद्योग नकोत. फळी किंचित उतरती लावा, घसरते आपोआप. पहिल्या तालमीपासून खरी हॅटच वापरा, झेलायची सवय त्याशिवाय होत नाही. हशा येणार, येऊ दे. पिपने मात्र हसायचं नाही, दाराकडे बघायचं, कोणी पाहत तर नाही ना म्हणून. निरोपाच्या वाक्यांना जोच्या हातात हॅट घट्ट हवी आणि बोलण्यात अडखळणं नको. इथे तो पिपहून मोठा दिसला पाहिजे.

शेवट कुठला? डिकन्सने दोन लिहिले. पहिला मित्राच्या सल्ल्यावरून बदलला. दोन्ही एस्टेलाचे, म्हणजे हॅविशॅमने वाढवलेल्या, पिपचं प्रेम असलेल्या मुलीचे. आपला धागा पैशाचा, म्हणून मी तुरुंगातल्या आजारी मॅगविचपाशी थांबते: तुमची मुलगी जिवंत आहे, असं पिप त्याला सांगतो. ती मुलगी म्हणजे एस्टेलाच. पडदा तिथेच. एस्टेला करणारी मुलगी कुरकुरेल. तिला पत्त्यांच्या डावात चार वाक्यं वाढवून द्या.