मनगट आणि पंजा: ओपीडीत रोज दिसणाऱ्या चुका

"कुठं दुखतंय?" विचारलं की पेशंट दुसऱ्या हाताने अख्खं मनगट कवळतो आणि म्हणतो, "हे सगळंच." नवा डॉक्टर किंवा फिजिओचा इंटर्न तेवढ्यावर क्रेप बँडेज, दुखण्याची गोळी आणि "पाच दिवसांनी दाखवा" लिहून मोकळा होतो. सांगली-मिरजेत पुढे येणाऱ्या बिघडलेल्या केसेसपैकी बऱ्याच इथंच बिघडलेल्या असतात. मनगटात आठ हाडं, पंजा धरून सत्तावीस. बोटभर अंतर सरकलं की निदान बदलतं. पेशंटला एका बोटाने एकच जागा दाखवायला लावा. जमत नसेल तर अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या बाजूपर्यंत एकेक जागा स्वतः दाबत जा. दोन मिनिटांचं काम आहे. बाहेर रांग आहे ही सबब चालत नाही.

एक्सरे नॉर्मल, हाड मोडलेलं

स्कॅफॉइड म्हणजे मनगटातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड. त्याच्याइतकं फसवणारं हाड हातात दुसरं नाही. तळहात टेकून पडलेल्या तरुण माणसाचं मनगट दुखत असेल तर स्कॅफॉइड मोडलंय असंच धरून चालायचं, नाही हे सिद्ध होईपर्यंत.

सातारा, कोरेगाव, खटाव या पट्ट्यात भरतीची तयारी करणारी पोरं भरपूर, त्यामुळे ही केस ठरलेली. पोरगा सरावात धावताना हातावर पडतो. संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात समोरून आणि बाजूने असे दोन एक्सरे निघतात, दोन्ही स्वच्छ. "मुरगळलंय" म्हणून पट्टी बांधून घरी. मग शेजारच्या गावातला हाडं बसवणारा गाठला जातो. गरम तेल, चोळणं, दोन झटके, वर लेप. तीन आठवड्यांत दुखणं उतरतं, आणि खरा घात इथंच होतो, कारण दुखणं उतरलं म्हणून पोरगा पुन्हा जोर मारायला लागतो. पाच-सहा महिन्यांनी मनगट मागे वाकवून त्यावर भार देता येत नाही म्हणून तो येतो. आता एक्सरेत हाडाच्या कमरेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, रुंद फट, कडा गुळगुळीत, आणि वरचा, कोपराकडचा तुकडा आजूबाजूपेक्षा पांढरा दिसतो. म्हणजे पेशंटच्या कुल्ल्याच्या हाडातून हाडाचं कलम, आत स्क्रू आणि पुन्हा प्लास्टर. त्या वर्षीची भरती गेलीच.

कारण रक्तपुरवठ्यात आहे. या हाडात रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि उलटं कोपराच्या दिशेने जातं. कंबर मोडली की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो. जितकी मोड त्या टोकाजवळ, तितकी हाड मरण्याची भीती जास्त.

तपासणी तीन ठिकाणी करायची. अंगठा ताठ केला की मनगटाच्या बाजूला दोन दोऱ्यांमध्ये (स्नायूंच्या कंडरांमध्ये) जो खळगा पडतो, तो स्नफबॉक्स. मनगट थोडं करंगळीकडे झुकवून तो दाबा. मग तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या गादीच्या मुळाशी लागणारा हाडाचा उंचवटा दाबा. शेवटी अंगठा त्याच्याच रेषेत मनगटाकडे ढकला. प्रत्येक वेळी दुसरा हातही तपासा. स्नफबॉक्सवरून त्वचेची नस जाते, तो जोरात दाबला तर धडधाकट माणूसही "आई गं" म्हणतो.

एक्सरेच्या चिठ्ठीवर नुसतं "मनगट" लिहू नका, "स्कॅफॉइड व्ह्यू" लिहा. त्यात मनगट करंगळीकडे वळवलेली फिल्म असते. तीही स्वच्छ आली पण जागा दुखतेय, तर कोपराखाली प्लास्टर किंवा पक्का स्प्लिंट (कडक आधारपट्टी) घालून १० ते १४ दिवसांनी एक्सरे पुन्हा काढा. परवडत असेल तर आधीच एमआरआय करा. न सरकलेल्या कमरेच्या मोडीला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, वरच्या टोकाला त्याहून जास्त. दोन आठवडे फुकट प्लास्टर घातलं म्हणून पेशंट चिडला तर चिडू दे.

मुंग्या आल्या की सुयांचा रतीब

"रात्री हात बधिर होतो, उठून झटकावा लागतो." म्हशीची धार काढणारी, भाकरी थापणारी, द्राक्षबागेत कात्री चालवणारी बाई हे सांगते, आणि "नसांची कमजोरी" म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं सुरू होतात. बी-१२ कमी असेल तर जरूर द्या. पण त्या कमतरतेच्या मुंग्या सहसा दोन्ही पायांत आधी येतात. इथं अडचण जागेची आहे: मनगटाच्या कार्पल टनेल या बोगद्यातून नऊ दोऱ्या आणि एक मीडियन नस जाते. दोऱ्यांची आवरणं सुजली की नस चेपते. इंजेक्शनने बोगदा रुंद होत नाही.

विचारायचा प्रश्न एकच: करंगळीला मुंग्या येतात का? मीडियन नसेकडे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू येते. करंगळीच बधिर असेल तर कोपराच्या आतल्या बाजूची अल्नर नस तपासा. पेशंटला नक्की सांगता येत नसेल तर आज रात्री जाग आल्यावर बघायला सांगा. मानेचा एक्सरे काढून "मणक्यात गॅप" सांगणं ही तर साथच आहे. पन्नाशीनंतर मानेत झीज बहुतेकांच्या दिसते. मान वळवून मुंग्या वाढत नसतील तर मानेला ताण देत बसू नका.

आता स्प्लिंट. दुकानातल्या रेडिमेड स्प्लिंटमध्ये तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी असते, आणि ती बहुधा मागे वाकवलेली असते, २०-३० अंशांत. बोगद्यातला दाब सर्वांत कमी असतो तो मनगट जवळपास सरळ असताना. म्हणून पट्टी बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करा, परत घाला. इतकं साधं काम कुणी करत नाही आणि मग "स्प्लिंटचा काही उपयोग झाला नाही" अशी तक्रार येते. बोटांकडची कड तळहातावरच्या रेषेच्या अलीकडे थांबली पाहिजे, मूठ पूर्ण वळली पाहिजे. मनगटावरचा पट्टा आवळायचा नाही. रोज रात्री, सहा आठवडे. चार रात्री घालून सोडणाऱ्यांना नियम बदलून मिळत नाहीत. दिवसा स्प्लिंट घालून धार काढणं म्हणजे त्याच दोऱ्यांवर दुप्पट जोर.

सोबत साखर आणि थायरॉइड तपासा. गरोदरपणातला त्रास बहुतेकींचा बाळंतपणानंतर निवळतो. मात्र तळहात वर ठेवून अंगठा छताकडे उचलायला सांगा. तिथं ताकद कमी असेल किंवा अंगठ्याची गादी बसलेली दिसत असेल, तर स्प्लिंटचे दिवस संपले, सर्जनकडे पाठवा.

बाकीच्या

ट्रिगर फिंगर: बोट सकाळी अडकतं, खटकन सुटतं, आणि दुखतं मधल्या पेराच्या सांध्यात. म्हणून तो सांधा चोळला जातो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. गाठ तळहातात, बोटाच्या मुळाशी आडव्या रेषेपाशी असते. तिथं बोट ठेवून हालचाल करायला लावा, खट् हाताला लागतो. तासगाव, कवठेमहांकाळकडे छाटणीची कात्री नेमकी तिथंच रुतते. मुठीला सायकलच्या ट्यूबचे दोन वेढे द्या आणि पातं धारदार ठेवा. स्टेरॉइडचं इंजेक्शन चांगलं लागू पडतं, पण मधुमेहींची साखर काही दिवस वर जाते, ते आधी सांगा.

डी क्वेरव्हेन: अंगठ्याच्या दोऱ्यांचं दुखणं, मनगटापाशी अंगठ्याच्या मुळाशी, बाळाला काखेत धरून उचलणाऱ्या बाळंतिणीला. अंगठा मोकळा सोडणारा स्प्लिंट इथं निरुपयोगी. बाळ तळहात वर करून, खालून उचलायचं.

मॅलेट फिंगर: चेंडू लागून बोटाचं टोक लोंबतं. फक्त टोकाचा सांधा सरळ ठेवून सहा ते आठ आठवडे, चोवीस तास. धुताना बोट टेबलावर सपाट ठेवूनच स्प्लिंट काढा. एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

कोयत्याचा किंवा काचेचा वार: भूल देण्याआधी प्रत्येक पेर वाकवून बघा आणि बोटाच्या दोन्ही बाजूंची संवेदना बघा. लिग्नोकेन (भुलेचं औषध) आत गेल्यावर बधिरता तुमची की जखमेची, हे कुणालाच सांगता येत नाही. तुटलेल्या दोरीवर कातडी शिवून देणं हा घाईचा सर्वांत महागडा प्रकार.

मनगटाच्या कोणत्याही दुखापतीत अंगठी आणि बांगड्या सूज चढायच्या आत काढा. प्लास्टरनंतर बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. बोट सरळ करताना असह्य कळ येत असेल तर प्लास्टर आतल्या कापसासकट उभं कापा, सकाळची वाट बघू नका.

कडबाकुट्टीत तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका. सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. असं थंड ठेवलं तर बोटाला बऱ्याच तासांची सवड मिळते. मनगटापासून हात तुटला असेल तर स्नायू असल्यामुळे ती बरीच कमी. निघण्याआधी फोन करून मायक्रोसर्जरी तिथं होते का आणि सर्जन आत्ता आहे का, एवढं विचारून घ्या.